कुरोकावा ओन्सेनला जाताना: आरक्षणापासून परतीच्या बसपर्यंतचा क्रम

जपानच्या क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतातल्या मिनामीओगुनी भागात, आसो ज्वालामुखीच्या उत्तरेला डोंगरांच्या खोबणीत कुरोकावा ओन्सेन नावाचे गाव आहे. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे. मधून तानोहारू नदी वाहते, दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि तीसेक पारंपरिक निवासगृहे, म्हणजे ऱ्योकान. जवळजवळ प्रत्येक ऱ्योकानात गरम झऱ्याच्या पाण्याचे स्नानकुंड, बहुतेक ठिकाणी उघड्यावरचे. गाव शांत आहे आणि ती शांतता तिथले लोक मुद्दाम जपतात.

अडचण अशी की आपल्याकडून जाणारे बरेच जण तिथे पोहोचेपर्यंत निम्मी सहल बिघडवून बसलेले असतात. कुणाला बस मिळत नाही, कुणाच्या ताटात कच्चे मांस येते, कुणी पोहण्याचा पोशाख घालून कुंडाच्या दारात उभे राहते. या चुका क्रम चुकल्यामुळे होतात, म्हणून हा लेख क्रमानेच लिहिला आहे. आधी पूर्ण वाचा, मग आरक्षणाला हात घाला.

१. मुक्काम की धावती भेट, हे आधी ठरवा

कुरोकावाला दिवसाच्या दिवसात जाऊन येता येते, पण मी तसे सुचवणार नाही. क्यूशूतल्या फुकुओका शहराहून जाण्यायेण्यातच पाच-सहा तास जातात आणि दिवसभराचे पर्यटक ज्या वेळी गावात असतात, नेमक्या त्याच वेळी तुम्हीही असता. गावाचे खरे रूप संध्याकाळी शेवटच्या बस गेल्यावर आणि सकाळी न्याहारीआधी दिसते. एक रात्र पुरेशी आहे. दोन मिळाल्या तर उत्तम.

ऋतूचा विचार थोडक्यात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानांचे रंग बदलतात, तेव्हा खोल्या मिळणे सर्वांत कठीण. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत नदीवर बांबूचे गोल दिवे लावतात. थंडी कडक असते, अधूनमधून बर्फही पडतो, आणि उघड्यावरच्या कुंडाची खरी मजा याच दिवसांत. जून-जुलै पावसाचे. या भागात पाऊस मुसळधार पडतो आणि घाटरस्ते बंद होऊ शकतात. शनिवारची रात्र कोणत्याही ऋतूत टाळा. दर चढे असतात आणि गर्दीही.

२. बस आणि खोली: दोन्हींची सांगड घाला

इथे पहिली मोठी चूक होते. कुरोकावाला रेल्वेस्थानक नाही. तुमच्याकडे रेल्वेचा पास असला तरी शेवटचा टप्पा बसनेच गाठावा लागतो आणि त्या बसला तो पास चालत नाही. फुकुओका विमानतळ आणि त्याच शहरातले हाकाता व तेनजिन इथून थेट बस सुटतात. प्रवास साधारण अडीच ते तीन तासांचा. दुसरा मार्ग क्यूशू ओदान बसचा: कुमामोतो, आसो, कुरोकावा, युफुइन, बेप्पू. दोन्ही मार्गांवर दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. थांब्यावर जाऊन उभे राहिलात आणि बस भरलेली असली, तर पुढची कित्येक तासांनी.

बसचे आरक्षण साधारण महिनाभर आधी उघडते, तर चांगल्या खोल्या त्याच्या खूप आधी जातात. म्हणून क्रम असा ठेवा:

- बसचे वेळापत्रक पाहून कोणत्या फेरीने जाणार आणि कोणत्या फेरीने परतणार ते कागदावर लिहा.
- ती फेरी दुपारी तीनच्या आसपास गावात पोहोचवते का ते बघा.
- मग खोली राखून ठेवा, शक्यतो मोफत रद्द करता येईल अशी.
- बसचे आरक्षण उघडताच, त्याच दिवशी, जाण्याची आणि येण्याची दोन्ही तिकिटे काढा.

सावधान: मोबाइलवर मार्ग शोधताना नुसते ‘कुरोकावा’ टाकू नका. नागोयाच्या भुयारी रेल्वेवर कुरोकावा नावाचे स्थानक आहे, तोक्योजवळ कावासाकीतही आहे. ‘कुरोकावा ओन्सेन’ असे पूर्ण नाव टाका आणि प्रांत कुमामोतो दिसतो का ते पाहा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्या आरटीओकडून १९४९च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना भारतातूनच घेऊन जा आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. जपानमध्येही गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे सवयीचा प्रश्न येत नाही. मात्र हिवाळ्यात डोंगरातले रस्ते पहाटे गोठतात. बर्फाचे टायर मागून घ्या, आणि बर्फावर गाडी चालवायची सवय नसेल तर बसच बरी.

खोलीचे दर वाचताना एक गोष्ट नीट बघा. ऱ्योकानचे दर बहुतेक वेळा माणशी असतात, खोलीमागे नव्हे, आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. दोघांचा खर्च दुप्पट होतो हे पैसे भरताना कळले की चडफड होते. त्यावर स्नानकर म्हणून माणशी साधारण १५० येन जागेवर द्यावे लागतात. टीप देण्याची पद्धत नाही. देऊ केलीत तर समोरचा अवघडून जातो.

घरातली मोठी माणसे बरोबर असतील तर आरक्षणाआधी दोन प्रश्न जरूर विचारा: खोलीत पलंग किंवा खुर्ची आहे का, आणि कुंडापर्यंत किती पायऱ्या आहेत? पारंपरिक खोलीत जमिनीवर गादी घालतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री तिथून उठणे जड जाते. शिवाय गाव उतारावर वसले आहे, नदीकाठच्या कुंडांकडे दगडी पायऱ्या उतरून जावे लागते आणि त्या ओल्या असतात.

३. जेवणाचे आधी, लेखी आणि पदार्थांची नावे घेऊन सांगा

शाकाहारी वाचकांनी हा टप्पा दोनदा वाचावा.

ऱ्योकानचे रात्रीचे जेवण म्हणजे आठ-दहा लहान लहान पदार्थ, आणि त्यांची तयारी तुमच्या नावावर आधीच सुरू झालेली असते. कुमामोतोची खासियत म्हणजे बासाशी, घोड्याच्या कच्च्या मांसाचे पातळ काप. आसोच्या कुरणांवरचे गोमांसही इथे अभिमानाने वाढतात. मांस खाणाऱ्यांनीसुद्धा हे आधी जाणून असावे.

नुसते ‘व्हेजिटेरियन’ लिहिणे पुरत नाही. मासा हा मांसात धरायचा की नाही याबद्दल समोरच्याची समजूत वेगळी असू शकते. त्याहून अवघड प्रश्न दाशीचा. सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढलेले हे पाणी जपानी स्वयंपाकात आपल्या फोडणीसारखे सगळीकडे असते: सूप, शिजवलेल्या भाज्या, अंड्याची वडी, सोबा नावाच्या नूडल्सचे चटणीपाणी. ताटात मासा दिसत नाही म्हणजे तो नाही असे समजू नका.

म्हणून आरक्षण करतानाच सोप्या, तुटक वाक्यांत असा निरोप लिहा:

- गोमांस, डुक्कर, घोडा, कोंबडी खात नाही.
- मासे, कोळंबी, शिंपले खात नाही.
- माशाची दाशी चालत नाही (किंवा: दाशी चालेल).
- अंडी आणि दूध चालते (किंवा नाही).
- कोम्बू नावाच्या समुद्रवनस्पतीची आणि शिताके अळंबीची दाशी चालेल.

शेवटची ओळ वगळू नका. काय चालत नाही याची यादी पाहून स्वयंपाकी अडतो, काय चालते ते कळले की त्याला वाट सापडते. दाशीबाबत घरी बसूनच निर्णय घ्या. तेवढी सूट देणार असाल तर बरीच ऱ्योकान तुमची सोय करू शकतील, कडक पाळणार असाल तर काही जण स्पष्ट नकार देतील. तो नकार प्रामाणिक असतो. रागावू नका, दुसरे ठिकाण बघा किंवा जेवणाशिवायची खोली घ्या.

जेवणाशिवाय राहणार असाल तर रात्रीची तयारी स्वतःची हवी. गावात संध्याकाळनंतर खाण्याची ठिकाणे फार थोडी आणि लवकर मिटणारी. फुकुओका किंवा कुमामोतोतून बसमध्ये चढण्यापूर्वीच खरेदी करा. सोबत थेपले, मेतकूट, लिंबाचे लोणचे, गरम पाणी घालून होणारा उपमा असला की रात्र निभावते, कारण खोलीत चहासाठी गरम पाण्याची किटली असतेच. मात्र हे खोलीत, वास कोंडणार नाही असे खा. भोजनगृहात आपला डबा उघडू नका.

तपासा: निघण्याच्या आठवडाभर आधी तोच निरोप ऱ्योकानला पुन्हा पाठवा आणि त्यांचे उत्तर मोबाइलमध्ये जपून ठेवा. ऐन वेळी, जेवायला बसल्यावर सांगितलेत तर कुणालाही काही करता येत नाही.

४. सामान आणि अंगावरचे दागिने

चाकांची मोठी बॅग गावात ओढत नेऊ नका. जपानमध्ये घरपोच सामान पाठवण्याची सेवा सर्वत्र आहे. आदल्या दिवशी हॉटेलच्या स्वागतकक्षात बॅग दिलीत की ती पुढच्या शहरातल्या हॉटेलवर साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते. कुरोकावासाठी पाठीवरची एक लहान पिशवी पुरे. ऱ्योकानात अंगावर घालायला युकाता म्हणजे सुती सैल झगा, टॉवेल, साबण, शाम्पू, दात घासायचा ब्रश हे सगळे मिळते.

सोबत हवेच असे: रोख येन आणि त्यातही शंभराची नाणी (लॉकर, लहान सार्वजनिक स्नानगृहे), केस बांधायला रबर, पाण्याची बाटली, चढउताराला पकड असलेले बूट आणि नेहमीची औषधे.

आता दागिने. काही झऱ्यांच्या पाण्यात गंधक असते आणि गंधकाने चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी हे सगळे मुक्कामावर पोहोचायच्या आधीच काढून ठेवा. कुंडाच्या काठावर बसून सुजलेल्या बोटातून जोडवी ओढत बसण्यापेक्षा आदल्या रात्री साबणाच्या पाण्याने सैल करून काढणे सोपे. सोन्यात तांबे-चांदीची भेसळ असते, त्यामुळे मंगळसूत्रही खोलीतल्या तिजोरीतच बरे. काचेच्या बांगड्यांबाबत तर काहीच सवलत नको. लग्नानंतर लगेच फिरायला आलेल्या मुलींच्या हातात हिरवा चुडा असतो, आणि कुंडाचा काठ खडबडीत दगडाचा. एक बांगडी फुटली तरी पाण्यात काच, आणि आत सगळेच अनवाणी.

मेंदी आणि गोंदण हा वेगळा विषय. जपानमध्ये अनेक स्नानगृहांत टॅटू असलेल्यांना प्रवेश नसतो. मेंदी काही दिवसांनी आपोआप जाते, हे तिथल्या कर्मचाऱ्याला माहीत असेलच असे नाही. आजीच्या हातावरचे जुने हिरवे गोंदणही त्याला टॅटूच वाटेल. म्हणून आरक्षणाच्या वेळीच फोटो पाठवून विचारा. लहान खूण असेल तर त्वचेच्या रंगाची पट्टी लावून झाकता येते. मोठी असेल तर सहाव्या टप्प्यात सांगितलेले खाजगी कुंड घ्या.

५. गावात पोहोचल्यावर: सामान, माहिती, लाकडी चकती

आधी ऱ्योकानात जा. खोलीचा ताबा बहुतेक ठिकाणी दुपारी तीननंतर मिळतो, सामान मात्र आधीही ठेवून घेतात. दारात बूट काढा. तातामीच्या, म्हणजे गवताच्या विणीच्या, चटईवर चपला, सपाताही चालत नाहीत आणि बॅगेची चाकेही. भिंतीत एक उंचवट्याचा कोनाडा असतो, त्यात चित्र किंवा फुले मांडलेली असतात. ती सामान ठेवायची जागा नाही. शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या तिथेच सोडून बाहेर या.

स्वागतकक्षात जेवणाची वेळ ठरवतात, साधारण सहा किंवा साडेसहा. ही वेळ पाळा. पोहोचायला उशीर होत असेल तर वाटेतून फोन करा, नाहीतर जेवण मिळणार नाही. त्याच वेळी खाजगी कुंडाची वेळही विचारून घ्या.

मग ‘काझे नो या’ या माहिती केंद्रावर जा. इथे ‘न्यूतो तेगाता’ मिळते. ओगुनी भागातल्या सुगी (जपानी देवदार) लाकडाची ही गोल चकती, दोरी लावलेली, मागे तीन शिक्के. १९८६पासून चालत आलेली ही पद्धत आहे. या चकतीवर गावातल्या सहभागी ऱ्योकानांपैकी तीन ठिकाणच्या कुंडांत स्नान करता येते आणि ती सहा महिने चालते. किंमत दीड हजार येनच्या आसपास, बदलत असते.

चकती घेताना होणाऱ्या चुका अशा:

- आपल्या स्वतःच्या ऱ्योकानच्या कुंडासाठी शिक्का लागत नाही. तिथे तुम्ही पाहुणे आहात, हवे तितक्या वेळा जा.
- एकच बाहेरचे कुंड बघायचे असेल तर चकती घेऊ नका. तेवढ्याचे सुटे पैसे भरा.
- आज कोणते कुंड बंद आहे, कुठे साफसफाई चालू आहे, हे केंद्रावर विचारूनच पुढे निघा. बाहेरच्यांसाठीची वेळ साधारण सकाळी साडेआठपासून असते, पण प्रत्येक ऱ्योकानची वेगळी.
- कोणती कुंडे गावात चालत जाण्यासारखी आहेत आणि कोणती दूर, हे नकाशावर खूण करून घ्या. यामामिझुकीचे नदीकाठचे कुंड फार सुंदर आहे, पण ते गावाच्या मध्यापासून दूर वरच्या अंगाला आहे. निवांत वेळ हाताशी असेल तरच ते धरा.
- दुसऱ्या ऱ्योकानात टॉवेल मिळत नाही. खोलीतला लहान टॉवेल बरोबर ठेवा.

तीन शिक्के एका दुपारी संपवण्याचा हट्ट करू नका. सलग तीन गरम स्नानांनी माणूस गळून जातो. मी सांगेन तो क्रम असा: पहिल्या दिवशी जेवणाआधी बाहेरचे एक, रात्री आणि पहाटे आपल्या ऱ्योकानचे, दुसऱ्या दिवशी खोली सोडल्यावर बाहेरची उरलेली दोन, मग दुपारची बस. खोली सहसा सकाळी दहाला सोडावी लागते. सामान ऱ्योकानात ठेवून फिरता येते.

६. सामाईक कुंड की खाजगी, हा निर्णय शांतपणे घ्या

जपानी स्नानकुंडात कपड्यांशिवाय उतरतात. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांत आपण अंगावरच्या कपड्यांनिशी उतरतो, म्हणून इथेही पोहण्याचा पोशाख किंवा पंचा चालेल असे पुष्कळांना वाटते. चालत नाही. कापडातून साबण, रंग, धागे पाण्यात जातात आणि त्या पाण्यात अनेक जण बसतात, हे त्यामागचे साधे कारण.

स्त्रिया आणि पुरुष यांची कुंडे वेगळी असतात. मायलेकी, सासू-सून, बापलेक यांनी एकमेकांसमोर असे जायचे का, हा प्रश्न आपल्या घरांत खरोखर अवघड आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कुणावर जबरदस्ती करू नका. बऱ्याच ऱ्योकानांत आतून कडी लावता येईल असे कुटुंबासाठीचे कुंड असते, साधारण पाऊण-एक तासाच्या वेळेसाठी. काही ठिकाणी ते पाहुण्यांना मोफत, काही ठिकाणी पैसे देऊन. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने असे कुंड असलेलेच ऱ्योकान निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथेही पुढच्या टप्प्यातले सगळे नियम लागू होतात.

कुरोकावात काही कुंडे स्त्री-पुरुष सामाईक आहेत. शिनमेइकानचे गुहेतले कुंड त्यातलेच, आणि तिथे स्त्रियांसाठी वेगळी गुहाही आहे. आत शिरण्याआधी विचारून घ्या.

दारावरच्या पडद्याचा रंग बघा: पुरुषांसाठी सहसा निळा, स्त्रियांसाठी लाल. नुसत्या रंगावर विसंबू नका, अक्षरही ओळखायला शिका. पुरुषाच्या अक्षराच्या वरच्या अर्ध्यात चार खणांची खिडकी दिसते, स्त्रीच्या अक्षरात ती नसते.

सावधान: काही ऱ्योकानांत रात्री पडदे अदलाबदल करतात, म्हणजे काल संध्याकाळी तुम्ही गेलेले कुंड आज पहाटे दुसऱ्यांचे असते. प्रत्येक वेळी दारावर बघूनच आत जा.

मुलांबाबत: साधारण सात वर्षांपुढच्या मुलांना विरुद्ध बाजूच्या स्नानगृहात नेऊ नये, असा तिथला दंडक आहे. डायपर लागणाऱ्या बाळाला सामाईक कुंडात नेऊ नका. मासिक पाळीच्या दिवसांतही सामाईक कुंड टाळतात.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावे: रक्तदाब, हृदयविकार, मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली माणसे, गर्भवती, आणि अंगावर उघडी जखम असलेले. गर्भारपणाचा उल्लेख जपान सरकारने २०१४मध्ये मनाई असलेल्या अवस्थांच्या यादीतून काढला, पण ओल्या दगडांवर पाय घसरण्याचा धोका आहेच.

७. स्नान: इथे क्रम मोडायचा नाही

स्नानाआधी ग्लासभर पाणी प्या. पोटभर जेवून किंवा मद्य घेऊन लगेच उतरू नका.

अ. कपडे बदलण्याची खोली. कपडे काढून टोपलीत किंवा लॉकरमध्ये ठेवा. मोबाइल बाहेरच राहू द्या. तो हातात दिसला तरी लोक अस्वस्थ होतात, आणि रास्तच आहे. काही जुन्या कुंडांत नुसत्या टोपल्या असतात, म्हणून पासपोर्ट, पैसे खोलीत ठेवूनच निघा. आत फक्त लहान टॉवेल न्यायचा. मोठा टॉवेल इथेच कोरडा ठेवायचा.

आ. अंग धुणे. कुंड हे बसून शेकण्यासाठी आहे. मळ, घाम, तेल सगळे आधी बाहेर धुऊन टाकायचे. भिंतीलगत बुटकी स्टुले, बादल्या आणि नळ असतात. स्टुलावर बसून धुवा. उभ्याने शॉवर घेतलात तर शिंतोडे शेजाऱ्यावर जातात. नळ बहुतेकदा दाबण्याचा असतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. बिघडलाय असे समजू नका, पुन्हा दाबा. बाटल्यांवरचे काही वाचता येत नसेल तर बोट फिरवून बघा: बहुतेक शाम्पूच्या बाटलीच्या कडेला आडव्या खाचा असतात, कंडिशनरच्या नसतात. अंध माणसांना आणि डोळे मिटून केस धुणाऱ्यांनाही ओळखता यावे म्हणून केलेली ही सोय परदेशी माणसाच्याही कामी येते.

डोक्याला तेल असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत धुवा. पाण्यावर तेलाचा तवंग आला की कुंडातले सगळे जण उठून जातात. कुंकू, काजळ, चेहऱ्यावरची क्रीम हेही उतरवा. लांब केस वर बांधा. साबणाचा कण अंगावर राहता कामा नये. शेवटी आपले स्टूल आणि जागा पाणी टाकून स्वच्छ करा.

काही उघड्या कुंडांजवळ नळ-साबण काहीच नसते. तिथे जायचे असेल त्या दिवशी आपल्या ऱ्योकानात आधी नीट आंघोळ करूनच निघा.

इ. अंगावर कुंडाचे पाणी. काठावर लाकडी डबा असतो. त्याने कुंडातलेच पाणी घेऊन आधी पायांवर, मग मांड्या, पोट, खांदे असे वर जात ओता. अंग त्या उष्णतेला सरावते. थंडीत ही पायरी गाळली तर रक्तदाब एकदम खालीवर होऊन भोवळ येऊ शकते. उरलेले पाणी कुंडात परत टाकायचे नाही.

ई. उतरणे. हळू, कडेला धरून, शांतपणे. कुंडातले पाणी साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. आपल्या बादलीतल्या कढत पाण्याच्या मानाने हे फार वाटत नाही, पण गळ्यापर्यंत बुडून बसल्यावर वेगळेच जाणवते. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत. झऱ्याचे पाणी आत पडते ती बाजू सर्वांत गरम, म्हणून दूरच्या टोकाला बसा. लहान टॉवेल डोक्यावर घडी करून ठेवा किंवा काठावर. पाण्यात तो बुडवायचा नाही, पिळायचा तर मुळीच नाही. डोके बुडवणे, पोहणे, पाणी उडवणे, मोठ्याने गप्पा, सगळे वर्ज्य.

पाच मिनिटांनी काठावर बसा, गार हवा घ्या, पुन्हा उतरा. दोन-तीन फेऱ्या झाल्या की थांबा.

तपासा: छातीत धडधड, डोके हलके वाटणे, बोटे बधिर होणे, यांपैकी काहीही जाणवले की ताबडतोब बाहेर. उठताना झटकन उभे राहू नका. आधी काठावर बसा, मग उठा.

उ. बाहेर येणे. कपडे बदलण्याच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी लहान टॉवेलने अंग निपटून घ्या. तिथली जमीन ओली केलेली कुणालाच आवडत नाही. झऱ्याचे पाणी अंगावर तसेच राहू द्यायची पद्धत आहे, त्वचा नाजूक असेल तर मात्र साध्या पाण्याने धुवून घ्या. पुन्हा पाणी प्या आणि अर्धा तास तरी स्वस्थ बसा.

८. युकाता आणि गावातली चाल

युकाता घालताना तुमची डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटी बाजू मृतदेहाला नेसवताना वापरतात, म्हणून ही चूक दिसली की एखादी काकू वाटेत थांबवून नीट करून देईल. आतून अंतर्वस्त्रे घाला, थंडीत उबदार गंजीही. वरून घ्यायला जाडसर अंगरखा मागितला की देतात. युकाता घालून गावात हिंडणे, जेवायला जाणे इथे अगदी रीतीचे आहे. लाकडी खडावा पायऱ्यांवर घसरतात. सवय नसेल तर आपलेच बूट घाला.

रात्री गावात दिवे मंद असतात आणि घरे जवळजवळ. गटाने गेलात तर नदीकाठी उभे राहून मोबाइलवर मोठ्याने बोलणे, गाणी लावणे टाळा. कुंडांच्या कुंपणाजवळ फोटो काढू नका, पलीकडे लोक स्नान करत असतात.

तुम्ही जेवायला गेलात की कर्मचारी खोलीत येऊन गाद्या घालून जातात. मौल्यवान वस्तू आधीच आवरून ठेवा.

९. निघण्याचा दिवस

न्याहारीआधीचे स्नान चुकवू नका. त्या वेळी कुंडात फार तर दोन-तीन माणसे असतात. न्याहारी साधारण आठला. त्यातही मासा आणि दाशी असते, म्हणून रात्री भोजनगृहातून उठतानाच सकाळच्या ताटाची आठवण करून द्या.

दहाला खोली सोडून उरलेले शिक्के वापरायला निघा. जवळचे कुंड आधी, लांबचे नंतर असे करू नका. लांबचे आधी उरका, म्हणजे बसची वेळ झाली तर तुम्ही थांब्याजवळ असाल. शेवटच्या स्नानानंतर बस सुटायला किमान तासभर राहील असे बघा. गरम पाण्यातून उठून धावतपळत घाटातल्या बसमध्ये बसलात तर मळमळ ठरलेली. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी, कारण रस्ता वळणांचा आहे. ओला टॉवेल वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि तिजोरी रिकामी केली का ते खोली सोडण्याआधी पुन्हा बघा. मंगळसूत्र आणि जोडवी तिथेच आहेत.